धड्याची मुदत आणि मुलाची मर्जी

शाळेत नाव न घालता मुलांना घरीच शिकविणारी कुटुंबे पुण्यामुंबईकडे काही आहेत. धानाच्या बाजारपेठेवर जगणाऱ्या आपल्या तुमसरात ती विरळाच. तथापि मार्च २०२० मध्ये शाळांना कुलुपे लागली तेव्हा येथील घरोघरी, मग ते घर राइस मिलच्या मुनिमाचे असो वा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीतील कामगाराचे, आईबापांवर गुरुजींचे काम अवचित येऊन पडले. आणि शाळा पूर्ववत सुरू झाल्या तरी संध्याकाळचा अभ्यास आणि सुट्टीतील उजळणी या रूपाने ते काम घरातून गेलेले नाही.

मूल अभ्यासाला बसत नाही ही तक्रार सार्वत्रिक आहे. तिचे मूळ मुलाच्या हट्टात क्वचित, आणि आपण वडील माणसांनी मोडलेल्या करारात बहुधा असते, असे माझे स्पष्ट मत आहे. आठ वर्षांची मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी वही घेऊन बसते. दहा वजाबाक्या झाल्या की सुट्टी, असा आईचा हुकूम असतो. हातचे बोटांवर मोजीत, ओठ हलवीत, ती दहाही गणिते पंधरा मिनिटांत पुरी करते. आणि आई प्रसन्न होऊन, त्या प्रसन्नतेच्या भरातच, आणखी पाच गणिते घालते. “तू तं दहाच म्हटलं होतं ना, आई!” या बिनतोड तक्रारीची दाद लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच दहा गणितांना तासभर लागतो: पेन्सिलीला पुनःपुन्हा टोक होते, तहान लागते, खोडरबर हरवते. त्वरेला दंड आणि दिरंगाईला माफी, हा घरचा कायदा त्या मुलीने एका दिवसात अचूक ओळखलेला असतो.

लहान मुलाचे अवधान उत्कट असते, पण अल्पकाळ टिकते. घरच्या शिक्षणाचा आयुष्यभर विचार करणाऱ्या इंग्लंडच्या शार्लट मेसन यांनी १८८६ च्या आपल्या ग्रंथात आठ वर्षांखालील मुलांसाठी धडा सहसा वीस मिनिटांपलीकडे नेऊ नये असे सांगितले. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन वर्गांसाठी ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शिका काढली तेव्हा तिनेही पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे मान्य केली. आणि आपल्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे काम तर याहून पुढचे होते. कोसबाडच्या परिसरातील आदिवासी मुले गुरे राखण्यामुळे शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांवर गैरहजेरीचा ठपका न ठेवता कुरणशाळा काढून शाळाच गुरांमागे नेली. ज्याच्याकडून सहकार्य हवे त्याचा दिवस आधी समजून घ्यावा, ही दृष्टी आपल्या घरांत का येऊ नये?

परीक्षा तीन तासांची असते, मग बैठकीची सवय केव्हा लागणार, असा आक्षेप घेतला जाईल. ती वयानुसार वाढत जाते. ‘प्रज्ञाता’नेही नववी ते बारावीसाठी चार सत्रे ठेवली होती. शिवाय मुदत आपल्या मागणीला आहे, मुलाच्या उद्योगाला नव्हे. अंगणात पायलीने धान मोजण्यात मूल स्वखुशीने तासभर रमले, तर घड्याळ दाखवून त्याला उठविणे हाही तितकाच मोठा अन्याय होय.

उन्हाच्या कहरामुळे विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे सुट्टी लांबलेली असते. सकाळी ऊन तापण्यापूर्वी वीस मिनिटे वाचन, मध्ये मोकळीक, मग वीस मिनिटे गणित, एवढे पहिली-दुसरीच्या मुलाला पुष्कळ आहे. काम आधी आटोपले तर उरलेला वेळ निर्विवाद त्याच्या मालकीचा. आणि आईबापांना आणखी पाच गणिते हवीच असतील, तर ती उद्याच्या करारात, धडा सुरू होण्यापूर्वी, मुलाला सांगून घालावीत.