जव्हार-मोखाड्यांतील अतिसार व जंतुपरीक्षा

पावसाळ्याचें पहिलें पाणी ओढ्यांतून विहिरींत उतरलें, कीं जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील पाड्यांवर हगवणीचें भय सुरू होतें. १९९२ सालीं वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनीं सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हां चर्चा झाली ती मुख्यतः कुपोषणाची, आणि ती योग्यच होती. परंतु कुपोषण व अतिसार हे जुने भागीदार होत. अतिसारानें मूल खंगतें, आणि खंगलेल्या मुलास अतिसार पुन्हां गांठतो.

कॉक यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यास पटकीचा जंतु रोग्यांच्या मळांत व तेथील तळ्याच्या पाण्यांत दाखवून दिला. त्यास १४० वर्षें लोटलीं. तरी 'पाणी बाधलें' एवढ्यावरच आमचें निदान थांबावें काय? पुराव्यावांचून शिक्षा ठोठावणारा न्यायाधीश आम्हांस खपत नाहीं. हगवण दिसतांच जंतुनाशक औषध लिहून देणारा दवाखाना मात्र बिनतक्रार खपतो. वस्तुतः लहान मुलांचे पुष्कळ अतिसार विषाणूंमुळें होतात. त्यांवर हीं औषधें निरुपयोगी. उलट रक्ताची आंव शिगेला जंतूची असल्यास योग्य औषध तत्काळ पाहिजे, आणि कोणतें औषध त्या जंतूवर अजून चालतें, हें संवर्धनपरीक्षेवांचून कळत नाहीं.

परीक्षेचा निकाल येईपर्यंत मुलास उपचारावांचून ठेवावें, असें मात्र कोणी समजूं नये. तो अनर्थ होईल. मीठ-साखरेचें पाणी पहिल्या जुलाबापासूनच पाजलें पाहिजे, जस्ताच्या गोळ्या १४ दिवस दिल्या पाहिजेत, अंगावरचें दूध तोडतां कामा नये. प्रत्येक रोग्याचा मळ तपासा, असेंही आमचें म्हणणें नाहीं. तेव्हां खर्चाचा बागुलबोवा कोणी पुढें करूं नये. रक्त पडणारे रोगी, आणि सांथीच्या आरंभींचे थोडे रोगी, एवढ्यांचे नमुने पुरेत.

खरी अडचण वाटेची आहे. नमुना औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वीं घ्यावा लागतो. शिगेला जंतु शरीराबाहेर फार तग धरीत नाहीं. दोन तासांत नमुना प्रयोगशाळेंत पोंचला नाहीं, तर तो कॅरी-ब्लेअर नांवाच्या द्रव्यांत ठेवून धाडावा लागतो. मोखाड्याच्या घाटवाटांवर दोन तास म्हणजे कांहींच नव्हेत! म्हणून या द्रव्याच्या कुप्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांत ज्येष्ठापूर्वींच पोंचल्या पाहिजेत, आणि संवर्धनाची सोय जव्हारांत बारा महिने चालू असली पाहिजे. पटकीची शंका झटपट पट्टीनें पाव तासांत फिटते. संवर्धनास दोन-तीन दिवस लागतात. तो निकाल डॉक्टरांच्या फाइलींत न निजतां ग्रामपंचायतीस त्याच दिवशीं कळावा, म्हणजे कोणती विहीर बंद करावयाची व कोठें टी. सी. एल. पूड टाकावयाची, हें ठरेल.

लोकांचें आरोग्य सुधारणें हें राज्याचें आद्य कर्तव्य म्हणून राज्यघटनेच्या ४७ व्या कलमांत लिहिलें आहे. मोखाड्याच्या शिवेवर अडविलेलें वैतरणेचें पाणी मुंबईकराच्या नळास येतें, आणि त्याची महानगरपालिका रोज जंतुपरीक्षा करविते. त्याच नदीच्या खोऱ्यांतील पाड्यावर मूल हगवणीनें निपचित पडलें असतां त्याच्या नमुन्यास एक कुपी व एक गाडी मिळावी, एवढेंच आमचें मागणें आहे. जिल्हा परिषदेनें त्याचें उत्तर मृगापूर्वीं द्यावें.