संस्थेचें व्याकरण

शाळेंत "रामा आंबा खातो" या वाक्यांतील कर्ता, कर्म व क्रियापद ओळखावयास लावीत, हें वाचकांस स्मरत असेलच. मोठ्या संस्थेची रचना कागदावर मांडतांना हाच पाठ पुनः उपयोगी पडतो, असें म्हटल्यास कित्येकांस थट्टा वाटेल. परंतु हॉलंडांत २००२ ते २००४ या सालांत सिद्ध झालेली 'आर्किमेट' ही चित्रभाषा याच पायावर उभी आहे. संस्थेचे घटक ती मुख्यतः तीन वर्गांत घालते: करणारा, करणें, आणि ज्यावर केलें जातें तें. विमा कंपनींत दावे पाहणारें खातें हा कर्ता, दाव्याची तपासणी ही क्रिया व दाव्याचा कागद हें कर्म. संगणकाकडेही हीच वांटणी: आज्ञावली कर्ता, तिचें चालणें क्रिया, सांठविलेली माहिती कर्म. 'कशासाठीं' हा हेतूचा वर्ग मागाहून, २०१२ सालच्या आवृत्तींत आला. हेतु शेवटीं सुचावा, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे!

खरी मेख कर्त्याच्या वर्गांत आहे. या भाषेंत व्यक्तीचें चिन्ह निराळें व पदाचें निराळें. आपल्याकडील कचेऱ्यांत "तें अण्णांना विचारा" हें उत्तर कोणीं ऐकलें नाहीं? अण्णा हिशेब तपासतात, किल्ल्या सांभाळतात, जुन्या गिऱ्हाइकांची समजूतही घालतात. हीं तीन पदें आहेत, हें अण्णा निवृत्त होईपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मग हिशेबापुरता एक नवा मनुष्य नेमला जातो आणि उरलेलीं दोन कामें वाऱ्यावर सुटतात.

याच्या उलट प्रकारही घडतो. ही भाषा शिकविण्यासाठीं एक काल्पनिक विमा कंपनी योजिलेली आहे. ती तीन कंपन्या एकत्र होऊन बनली. गिऱ्हाइकाला दार एकच दिसतें, आंत मात्र तीन निरनिराळ्या कचेऱ्या कागद हाताळीत असतात. खात्यांचीं नांवें मांडलीं तर तिन्ही आवश्यक वाटतात. क्रिया मांडल्या कीं एकच काम तीनदां दिसूं लागतें. तेथें कोणाची तरी जागा जाणार, आणि चौकटींत त्याचें नांव नसल्यामुळें ती खोडणाऱ्यास कांहींच वाटत नाहीं. या वर्गीकरणाचा मला आवडणारा व भिवविणारा गुण हा एकच.

एक शंका राहते. मराठींत "उजाडलें" याला कर्ता नसतो. "मुदत संपली", "दावा आला" अशा गोष्टींसाठीं आर्किमेटनें 'घटना' असें निराळें चिन्ह ठेविलें आहे. परंतु "फाईल अडली" हें वाक्य कोणी घेऊन आला, तर त्याला प्रथम विचारावें लागतें, कोणाच्या टेबलावर?