कोरियन मालिका पाहाव्यात काय?

अलीकडे पालक शाळेत भेटावयास आले म्हणजे अभ्यासाची चौकशी संपल्यावर एक तक्रार हटकून निघते. मुलगी रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर कोरियन मालिका पाहत बसते, तिला तिकडचे शब्द तोंडपाठ असतात आणि घरच्या माणसांशी बोलावयास मात्र वेळ नसतो, अशी ती तक्रार. काहींचे मत, या मालिकांवर घरात सरसकट बंदी घालावी. दुसरे काही म्हणतात, वयच तसे आहे, पाहू द्या, आपोआप कंटाळतील. या दोन्ही पक्षांत एक साम्य आढळते : बहुधा दोघांनीही त्या मालिका स्वतः पाहिलेल्या नसतात. न वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण गुण देत नाही. मग हाच न्याय आपण वडीलधाऱ्यांनी स्वतःला का लावू नये?

प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, या मालिका पाहाव्यात. पण डोळे उघडे ठेवून पाहाव्यात, आणि शक्य तेथे घरातल्या मोठ्या माणसांनी मुलांच्या शेजारी बसून पाहाव्यात. या मताची कारणे देण्यासाठी धर्म, प्रेम आणि स्वत्व या तीन विषयांचा विचार करू. आपल्या समाजात घरोघरी ज्यांवरून वाद होतात, ते विषयही हेच आहेत.

प्रथम धर्म. दक्षिण कोरियात 2015 साली झालेल्या जनगणनेत सुमारे 56 टक्के लोकांनी 'आमचा कोणताही धर्म नाही' अशी नोंद केली. प्रोटेस्टंट ख्रिस्ती सुमारे 20 टक्के, बौद्ध साडेपंधरा टक्के आणि कॅथलिक आठ टक्के होते. निम्म्याहून अधिक लोक स्वतःला निधर्मी म्हणवितात, त्या देशाच्या मालिकांत देव, पितर, परलोक यांना स्थान नसेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात चित्र उलट दिसते. 2016 साली सुरू झालेल्या 'गॉब्लिन' या मालिकेत गोर्यो राजवटीतील एक सेनापती आपल्याच राजाच्या आज्ञेने मारला जातो आणि छातीत तलवार रुतलेल्या अवस्थेत शतकानुशतके जिवंत राहतो. त्याच्याच घरात आधुनिक पोशाखातला एक यमदूत भाड्याने राहतो. मृतात्म्यांना एक प्याला चहा देऊन त्यांच्या गतजन्माच्या स्मृती पुसून टाकणे, हे त्या यमदूताचे काम. पुढे असे उघड होते की, सेनापतीला मारण्याची आज्ञा देणारा राजाच पुनर्जन्म घेऊन यमदूत झाला आहे. ज्याने घात केला व ज्याचा घात झाला ते दोघे एकाच छपराखाली जेवतात, हसतात, आणि सत्य कळल्यावर क्षमा करावी की न करावी या प्रश्नापाशी येऊन थांबतात.

कर्म आणि पुनर्जन्म या कल्पना आपल्या मुलांना आजीच्या कथांतून, कीर्तनांतून ठाऊक आहेत. म्हणूनच ही मालिका त्यांना परकी वाटत नसावी. पण तिच्यात एक बारकावा आहे, तो ध्यानी घ्यावा. विस्मृती ही तेथे देवाची दया मानली आहे, आणि केलेल्या पापाची आठवण होणे हीच शिक्षा. ज्या देशातील बहुसंख्य लोक धर्माच्या रकान्यात काही लिहीत नाहीत, तेथील लेखकालाही पाप, प्रायश्चित्त आणि क्षमा यांवाचून कथा सांगता आली नाही, ही गोष्ट मोठी सूचक आहे.

याचे एक कारण तेथील इतिहासात सापडते. कोरियन घराच्या जीवनात पितरांना नैवेद्य दाखवून वंदन करण्याच्या विधीला फार मोठे महत्त्व आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅथलिक पंथ त्या देशात पोहोचला, तेव्हा पहिला मोठा संघर्ष झाला तो याच विधीवरून. युन जि-चुंग नावाच्या गृहस्थाने आईच्या मृत्यूनंतर परंपरेप्रमाणे पितृविधी करण्याचे नाकारले, म्हणून 1791 साली त्याला देहान्त शिक्षा झाली. पुढे विसाव्या शतकात रोमच्या धर्मपीठाने असे विधी करण्यास मुभा दिली, आणि आज तेथील अनेक कॅथलिक कुटुंबे पूर्वजांपुढे नतमस्तक होतात. म्हणजे जनगणनेतील रकाना एक सांगतो आणि घरातला देव्हारा दुसरेच सांगतो.

आपल्या गोव्यात राहणाऱ्याला यात नवल वाटू नये. शिरगावची श्रीलईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी आहेत, अशी श्रद्धा येथील हिंदू व ख्रिस्ती दोन्ही समाजांत आहे, आणि सायबिणीच्या फेस्ताला तेल घेऊन जाणाऱ्यांत दोन्ही धर्मांचे लोक असतात. धर्म हा कागदावरच्या नोंदीपेक्षा आचरणात अधिक जगतो, हे आपण जाणतोच. परक्या देशातील मालिकेने ते पुन्हा दाखविले, तर मुलांनी ते ओळखावे. मात्र तेथील लेखक धर्माच्या नावाने चालणाऱ्या ढोंगाकडेही डोळेझाक करीत नाहीत. 2021 सालच्या 'हेलबाउंड' या मालिकेत लोकांच्या भीतीवर एक पंथ कसा सत्ता मिळवितो, ते निर्भीडपणे दाखविले आहे. ती मालिका लहान मुलांनी पाहण्याजोगी नाही. पण थोरांनी अवश्य पाहावी.

आता प्रेमाविषयी. पालकांची खरी धास्ती याच विषयाची असते, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. 2009 सालच्या 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' या गाजलेल्या मालिकेत श्रीमंत घरचा एक उन्मत्त मुलगा गरीब घरच्या मुलीचा प्रथम छळ करतो आणि मग तिच्यावर प्रेम करू लागतो. तिच्या मनाचा विचार न करता तो तिचे मनगट धरून तिला ओढीत नेतो, आणि पार्श्वसंगीत आपल्याला सांगते की हेच प्रेम! माझ्या विद्यार्थिनींना मला स्पष्ट सांगावयाचे आहे की, असे वागणारा मुलगा पडद्यावर कितीही देखणा दिसो, प्रत्यक्षात तो भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे आणि घरी किंवा शाळेत सांगावे. माझ्या विद्यार्थ्यांनाही हेच सांगणे आहे की, 'नाही' या शब्दाचा अर्थ नाही एवढाच होतो. पुढे तिकडच्या समाजातही अशा दृश्यांवर टीका झाली, ही समाधानाची गोष्ट होय.

परंतु एका मालिकेवरून सर्वांची परीक्षा करू नये. 2015 साली सुरू झालेली 'रिप्लाय 1988' ही मालिका पाहा. सोल शहरातील एका गल्लीत राहणाऱ्या पाच कुटुंबांची ती कथा आहे. एका घरी कालवण झाले की वाटी दुसऱ्या घरी जाते, आणि त्या घरून ती रिकामी परत येत नाही. आपल्या वाड्यावरच्या जीवनाची आठवण व्हावी असेच ते चित्र आहे. त्या गल्लीतील बो-रा आणि सन-ऊ यांचे परस्परांवर प्रेम जडते. पण दोघांचे आडनाव एक आणि मूळ कुळही एक. एकाच कुळातील व एकाच मूळस्थानाच्या स्त्रीपुरुषांचा विवाह कोरियन कायद्याला तेव्हा मान्य नव्हता. तेथील घटना न्यायालयाने 1997 साली हा निर्बंध घटनेशी विसंगत ठरविला आणि 2005 साली कायदाच बदलण्यात आला. आपल्याकडील सगोत्र विवाहाचा प्रश्न वाचकांना येथे आठवेल. ब्रिटिश हिंदुस्थानात 1946 सालच्या कायद्याने सगोत्र विवाहाला मान्यता मिळाली, तरी कित्येक घरांत त्यावरून अजूनही अबोला धरला जातो.

या मालिकेतील प्रेमिक घरातून पळून जात नाहीत, की आईबाप राक्षस म्हणून रंगविलेले नाहीत. वर्षे जातात, समजावणी होते, रुसवे होतात आणि शेवटी लग्न होते. त्या लग्नात बापाने मुलीने भेट दिलेले बूट घातलेले असतात. ते मापाने मोठे असल्यामुळे पुढे कागद कोंबून तो चालत असतो. पण मुलीला तसे सांगत नाही. ज्या बापाला आपली माया शब्दांत बोलून दाखविता येत नाही, अशा प्रत्येक बापाची ही कथा आहे. मुलांना ती पाहण्यापासून रोखणाऱ्या पालकांना मी विचारीन : आपल्या मनातले जे आपण मुलांना कधी सांगू शकला नाहीत, ते दुसऱ्या कोणी सांगितले तर त्यात आपले काय बिघडले?

तिसरा विषय स्वत्वाचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोरियाने 1910 ते 1945 या काळात जपानी अंमल सोसला. त्या अंमलाच्या अखेरच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली आणि 1940 पासून लोकांवर जपानी धर्तीची नावे घेण्याची सक्ती होऊ लागली. 2018 सालची 'मिस्टर सनशाइन' ही मालिका हे पारतंत्र्य येण्यापूर्वीच्या काळातील आहे. तिचा नायक गुलामाच्या पोटी जन्मलेला. लहानपणी जीव वाचवून अमेरिकेस जातो आणि तेथील सैन्यातील अधिकारी होऊन मायदेशी परततो. ज्या देशाने आपल्या आईबापांना माणूस म्हणून वागविले नाही, त्या देशासाठी आपण का मरावे, हा त्याचा प्रश्न आहे. देशभक्तीचा असा अवघड प्रश्न आपल्या किती मालिकांत विचारला जातो? जातीपातीच्या उतरंडीत तळाशी ठेवल्या गेलेल्या आपल्या बांधवांनीही हाच प्रश्न विचारला होता, हे आपण विसरता कामा नये.

2011 सालची 'डीप रूटेड ट्री' ही मालिका तर भाषेवरच आधारलेली आहे. पंधराव्या शतकात राजा सेजोंग याने सामान्य प्रजेसाठी 28 अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली आणि 1446 मध्ये ती जाहीर केली. त्यापूर्वी लेखन-वाचन चिनी अक्षरांत चाले आणि ती अक्षरे शिकण्याइतकी सवड उच्चकुलीनांनाच असे. दरबारातील विद्वान चोए मान-री याने 1444 मध्ये या लिपीविरुद्ध राजाकडे लेखी तक्रार केली. चिनी अक्षरे सोडून स्वतःची लिपी वापरणे हे रानटी लोकांचे लक्षण आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. मालिकेतील गुन्हे व कारस्थाने कल्पित आहेत. परंतु शेतकऱ्याच्या आणि गुलामाच्या हाती अक्षर गेले तर आपले काय होईल, ही उच्चवर्गाची भीती मात्र खरीखुरी होती.

घरी कोंकणी बोलणाऱ्या आणि वर्गात मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला ही कथा विशेष जवळची वाटते. गोव्यात 1684 साली पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढून स्थानिक भाषेचा त्याग करण्यास तीन वर्षांची मुदत दिली होती. भाषा मेली नाही. स्वयंपाकघरात, शेतात, होडीवर ती जगत राहिली. आणि मराठीने आपल्या देवळांतून, भजनांतून व पुराणांतून आमच्या पूर्वजांचे मन सांभाळले. जे काम फर्मानाला साधले नाही, ते आज लाजेने साधू पाहत आहे. पाहुण्यांसमोर कोंकणीत बोलावयास संकोचणारी, मराठी पुस्तक पिशवीत दडविणारी मुले मी पाहतो. हीच मुले स्वतःचे नाव कोरियन लिपीत वहीवर मोठ्या हौसेने लिहितात. त्यांच्या हौसेला मी दोष देत नाही. मी त्यांना इतकेच विचारतो, की ज्या लिपीचा तुम्हांला एवढा मोह पडला, ती लिपी एका राजाने आपल्या लोकांच्या बोलीची लाज वाटू नये म्हणूनच निर्माण केली, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

परभाषा शिकणे हा गुण आहे, पण ती मुळापासून शिकावी. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स सोळाव्या शतकात गोव्यात आले, येथील लोकांत राहिले आणि 1616 साली त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध झाले. कोंकणीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. दहावीस शब्द उचलून मिरविणे निराळे आणि एखाद्या समाजाचे अंतःकरण जाणून घेणे निराळे. आमच्या एखाद्या विद्यार्थिनीने कोरियन भाषा अशा निष्ठेने शिकून तेथील चांगली कथा थेट मराठीत किंवा कोंकणीत आणली, तर तिचा पहिला वाचक होण्यास मी आनंदाने तयार आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून लेख संपवितो. विद्यार्थी मित्रहो, सोळा भागांची एक मालिका, आणि प्रत्येक भाग तासाहून मोठा. इतका वेळ तुमच्या झोपेतून व अभ्यासातून चोरला जाऊ नये. आठवड्याला एक-दोन भाग पाहा, आणि मालिका संपल्यावर तिच्यावर एक पान आपल्या भाषेत लिहा. पुढील वार्षिक अंकासाठी असे पान आले तर त्याचे स्वागतच होईल. आणि पालकहो, एकदा तरी 'तू काय पाहतेस ते मलाही दाखव' असे म्हणून मुलीच्या शेजारी बसा. न पटलेल्या गोष्टी तिला तेथल्या तेथे सांगा, आणि तिचेही म्हणणे ऐकून घ्या. बंदी घातल्याने मालिका थांबणार नाही. ती बंद दाराआड चालू राहील आणि तुम्ही दाराबाहेर राहाल.