खिशांतील चाकू आणि त्याचें पाणी

चाकू विकत घेणें ही विचार करण्याजोगी बाब आहे असें पुष्कळांस वाटत नाहीं. दुकानीं जावें, त्यांतल्या त्यांत चकाकणारा उचलावा, भाव पाडून घ्यावा आणि घरीं यावें, एवढीच रीत. आमचें मत निराळें आहे; आणि ज्यांच्या घरीं शेती किंवा बाग आहे असे विद्यार्थी आमच्याकडे थोडे नसल्यामुळें तें येथें मांडण्यास हरकत नसावी.

पूर्वीं विद्यार्थ्यांस बोरू तासण्यासाठीं चाकू लागे. बोरूबरोबर ती गरज गेली. परंतु वऱ्हाडांत घडीच्या लहान चाकूचें एक काम अद्याप चालू आहे, आणि त्यावर कित्येकांची भाकर अवलंबून आहे. तें म्हणजे संत्र्याचें कलम. अमरावती जिल्ह्यांतील वरुड तालुक्यांत शेंदुरजनाघाट हें गांव संत्र्याच्या रोपवाटिकांसाठीं प्रसिद्ध आहे. ही विद्या १९६९ सालीं आमच्या अकोल्यास स्थापन झालेल्या कृषिविद्यापीठाच्याही अभ्यासाची आहे. जंभेरीच्या रोपावर, जमिनीपासून सुमारें वीतभर उंचीवर, कारागीर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतो, साल अलगद उचलतो, चांगल्या झाडावरून काढलेला डोळा तींत सरकवितो आणि वर पट्टी गुंडाळतो. चाकूला धार असेल तर साल स्वच्छ कापली जाते. नसेल तर ती चेंगरते, तिच्याखालचा कोंवळा थर सुकतो, डोळा काळा पडतो, आणि पाणी घालून वाढविलेल्या रोपाची मेहनत फुकट जाते. मजुराला मात्र त्या दिवशीं बोल खावे लागतात; चाकूला कोणी बोलत नाहीं!

असा चाकू पारखावा कसा? गिऱ्हाइकाची नजर प्रथम मुठीवर जाते. पितळेच्या फुल्या, रंगीत पट्ट्या, शिंगाची चकाकी. मूठ शेवटीं पाहावी असें आम्ही म्हणतों. चाकूचा जीव पात्याच्या पाण्यांत आहे. लोहार पातें लाल तापवून तेलांत किंवा पाण्यांत बुडवितो, तेव्हां पोलाद कठीण होतें, पण कांचेसारखें ठिसूळही होतें. मग तें पुन्हां मंद आंचेवर धरावें लागतें. घासून उजळलेल्या पोलादावर त्या वेळीं रंग चढतात: सुमारें २३० अंश सेंटिग्रेडला वाळलेल्या गवतासारखा पिंवळा, पुढें तपकिरी, आणि ३०० च्या सुमारास निळा. पात्याला पिंवळा किंवा तपकिरी रंग येतांच थांबावयाचें. पाठीमागच्या कमानीला मात्र निळ्यापर्यंत न्यावयाचें, कारण तिला धार नको, लवचिकपणा हवा. म्हणजे एका लहानशा चाकूंत दोन तऱ्हेचें पाणी! मोत्याचें पाणी डोळ्यांस दिसतें. पोलादाचें कामांत कळतें.

तरीही दुकानांत कांहीं खुणा सांपडतात. धारेजवळ निळसर डाग दिसला तर विजेच्या चाकावर घाई करून धार लावली आणि पाणी उतरलें असें समजावें. धार उजेडाकडे धरावी. तींत पांढरी रेघ चमकली तर तेथें ती बोथट आहे. पातें उघडून दोन्ही बाजूंस हलवून पाहावें, तें डुगडुगतां कामा नये. मिटल्यावर टोंक मुठीबाहेर राहूं नये, नाहींतर खिसा फाटेल आणि बोटही. कागद कापून पाहावा.

न गंजणारें पोलाद शेफील्ड शहरीं हॅरी ब्रिअर्ली यांनीं १९१३ सालीं केलें, व स्वयंपाकघरावर त्याचे मोठे उपकार आहेत. परंतु स्वस्त चाकूंत घालतात तें बहुधा मऊ असतें; चकाकी राहाते, धार राहात नाहीं. रस्त्याच्या कडेस भाता मांडणारे गाडीलोहार मोटारीच्या जुन्या कमानपट्ट्यांतून हत्यारें घडवितात. तें पोलाद गंजतें खरें, पण पुसून तेलाचा थेंब लावला कीं वर्षानुवर्षें टिकतें, आणि साध्या दगडावर धार घेतें.

चाकूचें नांव काढतांच कांहीं पालक दचकतात. रामपूरच्या चाकूस हिंदी चित्रपटांनीं मारामारीची संगत लावली. त्याच रामपुरांत २०२३ सालीं चौकांत सुमारें वीस फुटी चाकू अभिमानानें उभारला गेला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारें येतात. त्यांतही घरकामाचीं व शेतीचीं वगळलीं आहेत. आपला चाकू तीन इंचांचा. तथापि त्याची जागा बागेंत आहे, शाळेच्या दप्तरांत नव्हे, हें आम्ही स्पष्ट सांगतों.

आतां दामाविषयीं. शहरांतल्या मोठ्या दुकानांत छापील किंमत आम्ही निमूटपणें देतों, आणि भात्यापुढें घामाघूम झालेल्या माणसाशीं पांच-दहा रुपयांसाठीं अर्धा तास हुज्जत घालतों. ही चाल आम्हांस लाजिरवाणी वाटते. शिवाय ती नुकसानीची आहे: भाव पाडला कीं दुसऱ्यांदा आंचेवर धरण्याचें कामच प्रथम गाळलें जातें, कारण तें गिऱ्हाइकास दिसत नाहीं. पालकांनीं मुलाला बरोबर न्यावें, वरील खुणा त्यालाच पाहूं द्याव्या, आणि चाकू उतरला तर सांगितलेला दाम पुरा द्यावा. दोन वर्षांनीं खिळा सैल होईल, तेव्हां दोन ठोके मारून द्यावयास तोच माणूस लागेल. ह्या लोकांपैकीं कित्येक आतां एके ठिकाणीं स्थायिक झाले आहेत, कित्येक नाहींत. तेव्हां पैसे देतांना पाल येथून केव्हां हलणार आणि पुढें कोठें उतरणार, तेंही विचारून ठेवावें.