डॉकर टाका, पण वही कुठे आहे ते बघा

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे. बिलिंग, स्टॉक, उधारी सगळं त्यात होतं. उबंटूवर डॉकर इंजिन टाकून ते दुकानातल्याच कॉम्प्युटरवर चालतं, लायसन्सचा खर्च शून्य. बोरी अरबसारख्या गावात मला तरी हे महिन्याच्या क्लाउड भाड्यापेक्षा परवडणारं वाटतं.

पण कंटेनर म्हणजे नुसता भाड्याचा गाळा. हिशेबाची वही असते व्हॉल्यूममध्ये. ‘डॉकर कंपोज डाउन’ केलं तर गाळा मोडतो, वही राहते. त्यापुढे ‘डॅश व्ही’ लागलं की उधारीसकट सगळं साफ! यूट्यूब बघून कमांड कॉपी करणारे इथेच फसतात. बॅकअप पेनड्राइव्हवर घ्याच, आणि कापसाचा सीझन लागायच्या आधी दुसऱ्या मशीनवर एकदा रिस्टोर करून बघा.