नकाराचे मोल

'संशोधन' हा शब्द कानांवर पडला की आपण कलाशाखेचे विद्यार्थी जरा बाजूला सरकून उभे राहतो. संशोधन म्हणजे प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या आणि अवघड समीकरणे. ते करणारे लोक वेगळे आणि वाचणारेही वेगळे, अशी सोयीची वाटणी आपण मनाशी करून टाकलेली असते. पण त्याच संशोधनाचे नाव सांगून दिवसभर कोणी ना कोणी आपल्या गळ्यात काहीतरी बांधत असतो. 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' हे चार शब्द उच्चारले की वाद संपतो. 'बाबावाक्यं प्रमाणम्' ही वृत्ती जुन्या पिढीबरोबर गेली असे आपण अभिमानाने म्हणतो. खरे म्हणजे वृत्ती गेलेली नाही, फक्त बाबा बदलले आहेत.

प्रस्तुत लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. संशोधनाची किंमत ते काय सिद्ध करते यावरून जितकी ठरते, त्याहून अधिक ते 'नाही' म्हणायला तयार आहे की नाही यावरून ठरते. गेल्या काही वर्षांतील शासनव्यवहार, भौतिकशास्त्र आणि वैद्यक या तीन क्षेत्रांतील उदाहरणे त्यासाठी घेतली आहेत. वरवर पाहता या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. संबंध आहे तो त्यांच्या नकाराशी, आणि तोच नकार आपल्या महाविद्यालयात का ऐकू येत नाही, या प्रश्नाशी.

प्रथम शासनाकडे वळू. सरकारी योजनेत मध्येच गळती होते, खोट्या नावांवर धान्य उचलले जाते, म्हणून प्रत्येकाची ओळख यंत्राने पटवावी, हा विचार कोणालाही पटण्यासारखा आहे. आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी आणि निवृत्तिवेतन ठशांची नोंद असलेल्या कार्डावर देण्याची पद्धत आली, तेव्हा कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी तिची परीक्षा केली. १५७ मंडलांत, सुमारे १ कोटी ९० लाख लोकवस्तीत, कोठे पद्धत आधी आणायची आणि कोठे नंतर, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता. पैसे लवकर मिळू लागले, गळती कमी झाली आणि लोकांनाही नवी पद्धत पसंत पडली.

एवढ्यावर थांबले असते तर 'यंत्र आणा, भ्रष्टाचार घालवा' ही घोषणा देशभर द्यायला सर्वजण मोकळे होते. पण त्याच तिघांनी पुढे झारखंडमधील रेशन दुकानांचा अभ्यास केला. तेथे धान्य घेण्यासाठी आधारच्या आधारे अंगठा जुळणे आवश्यक केले गेले होते. २०२० मध्ये त्यांनी जे मांडले ते आधीच्या निष्कर्षाहून अगदी निराळे होते. केवळ अंगठा जुळवण्याने गळती म्हणण्यासारखी घटली नाही. लाभार्थ्यांचे हेलपाटे मात्र वाढले. ज्यांचे आधार रेशनकार्डाशी आधी जोडलेले नव्हते, त्यांच्या पदरी पडणारे धान्य सुमारे १० टक्क्यांनी घटले आणि त्यांतील काहींना काहीच मिळेनासे झाले. पुढे दुकानातील शिल्लक साठ्याचा हिशेब यंत्रातील नोंदींशी जुळवला जाऊ लागल्यावर गळती घटली खरी, पण तिच्याबरोबर गरिबाच्या पिशवीतले धान्यही घटले.

हा फरक का पडला? आंध्रात ज्याच्याजवळ कार्ड नव्हते त्यालाही पैसे देण्याची वाट खुली होती. झारखंडात ती वाट अरुंद झाली. यंत्र वाईट नव्हते आणि चांगलेही नव्हते. त्याच्या आजूबाजूचा नियम माणसाला किती जागा ठेवतो, यावर सारे अवलंबून होते. आपण लक्षात घ्यावे ते हे की यंत्राच्या नोंदवहीत हे दिसले नसते. ज्याचा अंगठा जुळला त्याची नोंद होते. दोनदा परत गेलेली आणि तिसऱ्यांदा आलीच नाही अशी म्हातारी त्या वहीत नसते. ती सापडते घरोघर जाऊन, तिच्या बोलीत, तिला कळेल असा प्रश्न विचारल्यावर. आणि असा प्रश्न तयार करणे हे कोणाचे काम आहे? माझ्या मते ते भाषा, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकणाऱ्या आपल्यासारख्यांचे काम आहे.

आता भौतिकशास्त्र. २०२३ च्या जुलैत दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी जाहीर केले की शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांपासून बनवलेला 'एलके-९९' हा पदार्थ नेहमीच्या तापमानालाही अतिवाहक असतो, म्हणजे त्यातून वीज कसलाही विरोध न होता वाहते. हे खरे असते तर विजेच्या तारांपासून दवाखान्यातील यंत्रांपर्यंत सारे बदलले असते. लोहचुंबकावर अर्धवट तरंगणारा काळा तुकडा जगभर लोकांनी पाहिला आणि हर्षभरित झाले. पण शास्त्रज्ञ टाळ्या वाजवत बसले नाहीत. चीन, जर्मनी, अमेरिका आणि आपल्या दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, अशा अनेक ठिकाणी तो पदार्थ बनवून पाहिला गेला. महिन्याभरात उत्तर मिळाले. विरोध एकाएकी घसरल्यासारखा दिसत होता तो तांबे आणि गंधक यांच्या संयुगाच्या भेसळीमुळे, आणि तुकडा तरंगत होता तो साध्या चुंबकत्वाने. शुद्ध स्वरूपात बनवला तेव्हा तो पदार्थ विजेला जवळजवळ वाटच देईना. कोणी मोर्चा काढला नाही, कोणाची निष्ठा दुखावली नाही. केवळ करून पाहिले आणि 'नाही' म्हटले.

या शास्त्राला नकार नवा नाही. १८८७ मध्ये मायकेल्सन आणि मोर्ले यांनी प्रकाशाचा एक झोत दोन काटकोनी वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणला. विश्व 'ईथर' नावाच्या माध्यमाने भरलेले आहे हा त्या काळचा सर्वमान्य समज होता आणि त्याची खूण त्यांना शोधायची होती. खूण सापडली नाही. त्यांनी ते न लपवता प्रसिद्ध केले, आणि न सापडलेल्या त्या खुणेने पुढच्या भौतिकशास्त्राची वाट मोकळी केली.

त्याच तत्त्वावर उभारलेल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजा असलेल्या अमेरिकेतील 'लायगो' या यंत्रांनी २००२ ते २०१० या काळात गुरुत्वीय लहरींचा शोध घेतला आणि 'आढळल्या नाहीत' असेच अहवाल दिले. त्यातही गंमत पाहा. २०१० मध्ये प्रमुखांपैकी मोजक्या लोकांनी मुद्दाम एक खोटा संकेत यंत्रात घातला. बाकीचे शास्त्रज्ञ महिनोन् महिने त्यावर राबले, निबंधाचा मसुदाही तयार झाला आणि २०११ च्या मार्चमध्ये त्यांना सांगण्यात आले की ती तुमची परीक्षा होती. आपल्याच माणसांची अशी परीक्षा घेणारी आणि ती देणारी संस्था किती विरळा! म्हणूनच १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरा संकेत आला, तेव्हा पाच महिने तपासून मग जाहीर केलेल्या त्या 'होय'वर जगाने विश्वास ठेवला. अशीच एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारण्यास २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. मराठवाड्यातील मुलांना ती पाहायला नेताना तिच्या खर्चाचा आणि भव्यतेचा आकडा तर सांगावाच, पण तिच्या आधीच्या आठ वर्षांच्या 'नाही'ची गोष्टही सांगावी.

वैद्यकात नकाराची किंमत माणसांच्या प्राणांत मोजावी लागते. करोनाच्या साथीत बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातील प्लाझ्मा आजाऱ्याला दिला की तो बरा होतो, अशी आशा सर्वत्र होती. तर्काला ती पटणारीही होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर तिची रीतसर चाचणी घेतली. एप्रिल ते जुलै २०२० या अवघ्या तीन महिन्यांत रुग्ण नोंदले गेले आणि ऑक्टोबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्लाझ्मामुळे आजार बळावणे थांबत नाही आणि मृत्यूही टळत नाहीत. तरीही २०२१ च्या वसंतात, दुसऱ्या लाटेत, नातेवाईक प्लाझ्म्यासाठी गावोगाव दूरध्वनी करीत होते, ओळखीपाळखी काढत होते, रात्री-अपरात्री धावत होते. ब्रिटनमध्ये ११ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या 'रिकव्हरी' चाचणीनेही तेच सांगितले, आणि मे २०२१ मध्ये आपल्याकडील उपचारांच्या अधिकृत यादीतून प्लाझ्मा वगळला गेला. सात महिने 'नाही' हे उत्तर आपल्याच घरात तयार होते. ते ऐकण्याची सवय मात्र आपल्याला नव्हती. त्या धावणाऱ्या नातेवाइकांना दोष देणे क्रूरपणाचे होईल. दोष आहे तो उत्तर लोकांपर्यंत त्यांच्या भाषेत न पोचवणाऱ्या आपणा सर्वांचा.

कोणी म्हणेल, माणसे मरत असताना शंका काढत बसायला वेळ कोठे होता? पण वस्तुस्थिती उलट आहे. त्याच 'रिकव्हरी' चाचणीने मार्च २०२० मध्ये कामाला आरंभ केला आणि जूनमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन उपयोगी नाही हे सांगितले. त्याच महिन्यात डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात, हेही दाखवले. जी चाळणी एकाला 'नाही' म्हणू शकली, तीच दुसऱ्याला विश्वासाने 'होय' म्हणू शकली. चाळणीच नसेल तर दोन्ही सारखेच, नाही का?

अर्थात शास्त्रज्ञ म्हणजे सारे साधुसंत, असा याचा अर्थ नव्हे. नैराश्यावरील औषधांच्या ७४ चाचण्यांचा हिशेब २००८ मध्ये अमेरिकेत मांडला गेला. औषधाला अनुकूल ठरलेल्या ३८ पैकी ३७ चाचण्या प्रसिद्ध झाल्या होत्या. उरलेल्या ३६ प्रतिकूल वा संदिग्ध होत्या. त्यांपैकी २२ कधी छापल्याच गेल्या नाहीत, ११ अनुकूल वाटाव्यात अशा भाषेत छापल्या गेल्या आणि जशा होत्या तशा आल्या केवळ ३. पुस्तकावर विसंबणारा डॉक्टर फसला तर त्यात नवल काय? रॉबर्ट रोझेंथाल या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये या दुखण्याला टेबलाच्या खणाचे नाव दिले होते. 'होय' छापखान्यात जाते आणि 'नाही' खणात पडून राहते. यावर उपाय म्हणून चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची नोंद करण्याची पद्धत आली. आपल्या देशात २००७ पासून अशी नोंदवही आहे आणि २००९ पासून नोंद सक्तीची आहे. आधी नाव लिहून ठेवले की नंतर नकार दडवता येत नाही.

आता आपल्याकडे पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून पदवीच्या अभ्यासक्रमातही प्रकल्प आले आहेत. ग्रंथालयाच्या कपाटातील प्रकल्पांच्या शेवटच्या प्रकरणांवरून एकदा नजर फिरवावी. 'वरीलप्रमाणे गृहीतक सिद्ध झाले आहे' हे वाक्य जणू मंगलाष्टकांतील 'सावधान' असावे तसे हटकून येते. इतकी सारी गृहीतके खरी ठरत असतील तर आपण मायकेल्सनपेक्षा भाग्यवान म्हटले पाहिजे! यात विद्यार्थ्यांचा लबाडपणा कमी आणि भीती जास्त आहे. 'सिद्ध झाले नाही' असे लिहिले तर गुण जातील, तोंडी परीक्षेत खरडपट्टी निघेल, ही ती भीती. मग पन्नास प्रश्नावल्यांतील पाच नकोशा उत्तरांकडे काणाडोळा होतो. टेबलाचा खण आपल्या वर्गातही आहे.

याचा परिणाम चार गुणांपुरता नाही. आपल्यातील काहीजण उद्या तहसील कचेरीत बसतील, काहीजण पत्रकार होतील, बरेच जण शिक्षक होतील. अंगठा न जुळलेली म्हातारी त्यांच्याच टेबलासमोर उभी राहणार आहे. नको असलेले उत्तर वगळण्याची सवय ज्याला विसाव्या वर्षी लागली, त्याला तिशीत ती म्हातारी दिसेल कशी?

म्हणून प्राध्यापकवर्गाला नम्र सूचना करावीशी वाटते. प्रकल्पाचे गृहीतक आणि प्रश्नावली काम सुरू होण्यापूर्वी विभागात नोंदवून घ्यावी. गुण द्यावेत ते प्रश्न कसा विचारला आणि उत्तर कसे पडताळले यावर, निष्कर्ष काय निघाला यावर नव्हे. आणि संपादक मंडळाला विनंती अशी की या वार्षिकाची दोन पाने पुढील वर्षापासून न जुळलेल्या गृहीतकांसाठी राखून ठेवावीत. कोणाला काय सापडले नाही, आणि का सापडले नाही, एवढेच तेथे छापावे. खर्च फारसा नाही. पहिल्या वर्षी ती पाने कदाचित रिकामी राहतील. तशी राहिली तरी ती कोरीच छापावीत, म्हणजे आपण कोठे उभे आहोत हे निदान आपले आपल्याला कळेल.