फुल फ्रेम घ्यावा का?

ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो हो!) उतरले की मित्रमंडळींत हा विषय निघतोच. "आता फुल फ्रेम घेऊनच टाक!"

माझं मत: हौशी पक्षीवाल्याने घेऊ नये. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिमी, माझ्या क्रॉपचा साधारण २३.५ बाय १५.६. म्हणजे माझ्या ४०० मिमीच्या लेन्सने पक्षी फ्रेममध्ये ६०० इतका मोठा दिसतो. फुल फ्रेमवर तेवढ्यासाठी खरीखुरी ६०० लागणार. बॉडीचा ईएमआय संपायच्या आत लेन्सचा सुरू!

हां, वाशीच्या विष्णुदास भावेत नाटकाचे फोटो काढत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे फ्लॅश मारता येत नाही, आणि मोठ्या सेन्सरमुळे एका स्टॉपहून थोडा जास्तच फायदा होतो. पण किट लेन्सच्या एफ/५.६ ऐवजी एफ/१.८ ची साधी प्राइम लावली तर तीन स्टॉप मिळतात, तेही कितीतरी स्वस्तात. आधी ती घ्या की राव.

असो. मी तरी बॉडी तीच ठेवतोय आणि भरतीचं वेळापत्रक बघतोय. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की रोहित नेरूळच्या तळ्यांवर येतात, आणि मग ४००सुद्धा पुरते.